कडू सर सातपुडा चढतात

माझ्या वर्गात मी सातपुडा पट्टीने दाखवतो. भिंतीवर नकाशा अडकवायचा, पट्टीचं एक टोक नर्मदेवर ठेवायचं, दुसरं तापीवर, आणि मधल्या तपकिरी पट्ट्यावरून पट्टी फिरवत म्हणायचं, "मुलांनो, हा सातपुडा." इतक्या वर्षांत ही पट्टी तिथून इतक्या वेळा फिरली आहे की तपकिरी रंग उडून मध्येच एक पांढरी खिंड पडली आहे. भूगोलात एवढी रुंद खिंड कुठेच नाही. ती मी एकट्याने पाडली.

खरा सातपुडा बऱ्हाणपूरजवळच्या आमच्या लालबागच्या घराच्या गच्चीवरून दिसतो. दिसतो म्हणजे, पाण्याची टाकी आणि चंदनसेठच्या घराचा वरचा मजला यांच्यामध्ये जेवढी फट आहे तेवढा दिसतो. डिसेंबरच्या सुट्टीत मुलं दिवसभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेली पाहून मी दोघांना गच्चीवर नेलं आणि त्या फटीकडे बोट दाखवून एक छोटंसं व्याख्यान दिलं. विषय होता निसर्ग, आरोग्य आणि आजची पिढी. मला वाटतं व्याख्यान बरं झालं होतं. तिसरीतल्या गौरवने मध्येच विचारलं, "पप्पा, तुम्ही वर गेलेत कधी?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात सातवीतली भूमिका म्हणाली, "पप्पा नकाशात जातात. रोज."

तिने ते टोमण्याने म्हटलं असतं तर मी रागावलो असतो. तिने माहिती म्हणून सांगितलं. ते जास्त लागलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "येत्या रविवारी आपण डोंगरावर जाणार!"

खाली स्वयंपाकघरात मनीषाने हे ऐकलं आणि कढई न सोडता विचारलं, "कोण कोण?"

"आपण सगळे."

"तुम्ही पण?" ती म्हणाली.

आमच्या गल्लीत बातमी पोचायला फारसा वेळ लागत नाही, कारण आमची आणि चंदनसेठची भिंत एकच आहे आणि ती पातळ आहे. चंदनसेठ केळीचे व्यापारी. माणूस दिलदार, पण दुसऱ्याच्या कुठल्याही बेतात त्यांना आधी अपघात दिसतो. संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले.

"सर, ऐकलं पहाड चढणार म्हणे? कायको? घर में सब ठीक ना?"

मी म्हटलं, "मुलांना निसर्ग दाखवायचाय."

"निसर्ग हां! मेरे बगीचे में चला ना. सपाट आहे. खाट टाकून देतो. केळी खा, निसर्ग पाहा, घरी या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वर अस्वलं आहेत, सर."

"तिथे अस्वलं नाहीत, सेठ."

"तुम्ही गेलेत कधी?"

एकाच दिवसात तोच प्रश्न दुसऱ्यांदा. मी दार लावून घ्यायच्या बेतात होतो, तर पलीकडून विमल काकू आल्या. विमल काकू साठी ओलांडलेल्या, नवरा रेल्वेतून निवृत्त होऊन वारला, मुलगा इंदूरला. गल्लीतल्या कुठल्याही कार्यात जेवणाची जबाबदारी त्यांची, कोणी दिली नसली तरी. "निरंजन, लेकरांना वर काय खायला घालशील? बिस्किटं? लाज वाटू दे थोडी. मी येते. भरीत करते, पुऱ्या करते, आणि वर गेल्यावर गरम भाकरी टाकते."

"काकू, वर चूल नाही."

"तीन दगड तर असतील ना डोंगरावर?" काकू म्हणाल्या. 

काकू येणार म्हटल्यावर मोटरसायकल आणि स्कूटीवर भागेना. मग चंदनसेठनी आपली केळीची पिकअप देऊ केली आणि तिच्याबरोबर स्वतःलाही. "मी चढणार नाही, घुटने जवाब देतात. खाली बसून राहतो. कोणाला काही झालं तर उचलायला गाडी पाहिजे ना." 'कोणाला' म्हणताना ते माझ्या पोटाकडे पाहत होते.

मी ठरवलं, आता तयारीत कसर ठेवायची नाही. बाजारात जाऊन डोंगर चढायचे बूट आणले. दुकानदार म्हणाला, "सर, एक नंबर मोठाच घ्या, पाय फुगतात." ते इतके जाड आणि जड होते की घालून उभं राहिल्यावर मला माझे पाय दुसऱ्या कोणाचे तरी वाटले. नवीन बूट आधी घरात वापरून सैल करावेत असं वाचलं होतं, म्हणून मी रोज संध्याकाळी खोलीतून खोलीत फेऱ्या मारू लागलो. तिसऱ्या दिवशी चंदनसेठनी भिंतीपलीकडून विचारलं, "सर, फर्निचर सरकवताय का? मदतीला येऊ?"

शाळेच्या कपाटातून मी होकायंत्रही आणलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, प्रात्यक्षिकाला. कपाटात ठेवल्यापासून ते पहिल्यांदाच बाहेर निघत होतं. एका अर्थी माझ्यासारखंच.

आता परवानगी. खरं तर परवानगी लागते की नाही हेच कोणाला ठाऊक नव्हतं. चंदनसेठ म्हणाले लागत नाही, म्हणून मी लागत असणार असं धरून चाललो. विचारत विचारत एका दफ्तरात पोचलो. तिथल्या बाबूने माझा अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर नेला.

"प्रयोजन में ये क्या लिखा है, मास्साब? 'आनंद'?"

"हो. मुलांसोबत डोंगर चढायचाय. आनंदासाठी."

"आनंद का इधर कोई प्रावधान नहीं है." ते माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहत म्हणाले. "साहब पूछेंगे, किस बात का आनंद. मैं क्या बोलूं? काम क्या करते हो?"

"भूगोल शिकवतो."

"फिर पहले बोलना था ना!" त्यांनी माझंच पेन घेऊन 'आनंद' खोडलं आणि त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'भौगोलिक सर्वेक्षण'. मी विनंती केली की निदान पुढे 'सपरिवार' तरी घाला. त्यांनी घातलं. भौगोलिक सर्वेक्षण, सपरिवार. वर शिक्का बसला. मी कागद घडी करून खिशात ठेवला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला जरा भारदस्त वाटलं.

रविवारी सकाळी पिकअप निघाली. पुढे चंदनसेठ, शेजारी काकू आणि त्यांचे डबे. मागे केळीच्या वाळक्या पानांवर सतरंजी टाकून आम्ही चौघं. थंडी कडाक्याची. मी मुलांना सुपीक काळी मृदा दाखवत होतो आणि मुलं ट्रकवाल्यांना हात दाखवत होती. हमरस्ता सोडून गाडी डोंगराकडे वळली, तशी मनीषाने शालीतून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाली, "किती वर्षं इथे राहतो आपण, नाही?"  ती नुसती बघत राहिली. बरं वाटलं.

जंगलाच्या नाक्यावर एक चौकीदार खुर्ची टाकून ऊन खात बसला होता. मी कागद दिला. तो वाचता वाचता उभा राहिला.

"सर्वे वाले साहब!" त्याने सलाम ठोकला. मग पिकअपमध्ये डोकावून सतरंजी, मुलं आणि मनीषा यांच्याकडे पाहिलं. "और ये?"

"सपरिवार," मी म्हटलं.

त्याने फक्त विमल काकूंची काडेपेटी काढून घेतली. जंगलात आग लावायची नाही, नियम म्हणजे नियम. काकू म्हणाल्या, "अरे बाबा, मग माझा तवा?" तो म्हणाला, तवा नेऊ शकता, तव्यावर बंदी नाही. काकूंनी भाकरीसाठी घरचा लोखंडी तवा आणला होता. आता तो विनाकारण डोंगर चढणार होता. मी सुचवलं, गाडीत ठेवू. काकू म्हणाल्या, "चंदनच्या गाडीत? केळीच्या घडांबरोबर जाऊन तो मला परत मिळायचा आहे होय!" भरताचा डबा नि तो तवा, दोन्ही माझ्या पाठीवरच्या पिशवीत गेले. मोठी पिशवी माझीच होती. आणि मी प्रमुख होतो.

पायथ्याच्या वस्तीवर गाडी थांबली, तोवर आमच्याआधी बातमी पोचली होती. चौकीदाराने फोन केला असणार. पाच-सात माणसं झाडाखाली उभी होती आणि त्यांच्या पुढे लुगड्याचा पदर खोचलेली एक म्हातारी. तिने एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि सरळ माझ्या बुटांपाशी आली.

"तुम्हीच सर्वेवाले सायेब ना? मी रंभाबाई. आमचा हापसा पाहून घ्या. कव्हापासून बंद शे. पानी नदीवरून आनतो आम्ही."

मी म्हटलं, "बाई, मी सर्वेवाला नाही. मी मास्तर आहे. मुलांना घेऊन डोंगर चढायला आलोय."

"काम काय तुमचं वर?"

"काही काम नाही. असंच."

रंभाबाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी फक्त शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांमध्ये पाहिली आहे. एवढा मोठा माणूस, एवढे मोठे बूट, आणि काही काम नसताना डोंगर चढतो, यावर तिचा काडीचा विश्वास बसला नाही. "सांगत नाही तो," ती बाकीच्यांना म्हणाली. "सरकारी माणूस सांगत नसतो." आणि माझ्याकडे वळून, "उतरल्यावर या. मी इथंच हाये."

चंदनसेठनी तेवढ्यात झाडाखाली आपली सतरंजी पसरली होती. "जा सर. मी यांना समजावतो," ते म्हणाले. त्यांनी काय समजावलं ते मला उतरल्यावर कळलं.

आम्ही निघालो. सुरुवातीला एक स्पष्ट पायवाट होती. वाळलं सोनेरी गवत, सागाची हातभर पानं, मध्येच पळसाची झाडं. मुलं पुढे धावत होती. पहिल्या वळणावर पायवाटेला दोन फाटे फुटले. वस्तीतल्या एकाने खालूनच ओरडून सांगितलं होतं, "डाव्या हाताने जा." पण मी होकायंत्र काढलं. शिखर उत्तरेला होतं, हे मला नकाशावरून पक्कं माहीत होतं.

सुई फिरली आणि उजवीकडे थांबली.

"उजवीकडे," मी म्हणालो.

"तो माणूस डावीकडे म्हणाला होता," मनीषा म्हणाली.

"त्या माणसाकडे होकायंत्र नव्हतं."

अर्ध्या तासात पायवाट संपली. मग काटेरी झुडपं आली. मी पुन्हा होकायंत्र पाहिलं. सुई आता वेगळीच दिशा दाखवत होती. मी वळलो, तर सुईही वळली. मी थांबलो, ती थांबली. जिकडे मी पाठ करावी तिकडे उत्तर जायची. भूगोलाच्या शिक्षकाच्या आयुष्यात असा क्षण येऊ नये. मी स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली. काकूंनी विचारलं, "निरंजन, चक्कर येते का रे?"

भूमिका बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग हळूच जवळ येऊन दोनच शब्द बोलली.

"पप्पा, तवा."

विज्ञान तिला दुसरे सर शिकवतात. चांगलं शिकवतात असं दिसतं. लोखंडाचा तवा माझ्या पाठीवर होता आणि सुई इमानेइतबारे त्याच्याकडे धावत होती. मी इतका वेळ स्वतःच्या पाठीच्या दिशेने शिखर शोधत होतो. मी होकायंत्र खिशात ठेवलं. मनीषाला अचानक खोकला आला आणि बराच वेळ थांबेना.

परत खाली जाऊन डावीकडचा फाटा धरणं हा शहाणपणाचा मार्ग होता. पण वर बघितलं तर माथा अगदी जवळ दिसत होता. मध्ये फक्त एक खडक. काळा, तिरपा, तीन-चार पुरुष उंच, त्यात खाचा. गौरव म्हणाला, "पप्पा, इथून डायरेक्ट!" आणि मी हो म्हणायच्या आत तो सरसर वर गेला. त्याच्यामागे भूमिका. मग मनीषा साडी खोचून गेली. मग विमल काकूंनी चपला काढून हातात घेतल्या, "लहानपणी चिंचेवर चढायचो आम्ही," असं म्हणाल्या आणि अनवाणी, थांबत थांबत, पण वर गेल्या.

मी उरलो.

चढायला सुरुवात चांगली केली. पहिली खाच, दुसरी खाच. मग उजवा बूट तिसऱ्या खाचेत बसेना, तो एक नंबर मोठा होता. मी जोर लावला. 'फस्स' असा आवाज झाला आणि बुटाचा तळ पुढून उघडला. आता माझ्या पायाला एक जबडा होता. डावा पाय वर टाकावा तर हात निसटत होता, खाली ठेवावा तर खाच सापडत नव्हती. पाठीवर तवा मागे ओढत होता, आणि भरताच्या डब्यातून तेल गळायला लागलं होतं. ते माझ्या पाठीवरून सावकाश खाली चाललं होतं.

मी दोन्ही हातांनी खडकाला मिठी मारली आणि थांबलो.

वर एक काळतोंडं वानर येऊन बसलं. ते गाल खाजवत माझ्याकडे पाहत होतं. त्याला माझ्याविषयी काही वाईट वाटत असावं असं मला वाटलं नाही.

"पप्पा, फोटोसाठी थांबलात का?" गौरवने वरून ओरडून विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मनीषाने फोटो काढला. मी हसलो. तो फोटो आहे अजून, त्यात माझा फक्त एक कान आणि पिशवी दिसते. फोटो झाला, सगळे पुढे निघाले, आणि मी तिथेच. आता फोटोचंही निमित्त उरलं नव्हतं. मी एकदा खाली पाहिलं आणि ते पाहायला नको होतं.   थोड्या वेळापूर्वीपर्यंत हे सगळं हसण्यावारी नेता येईल असं मला वाटत होतं. आता मला हाक मारायची होती आणि आवाज फुटत नव्हता. हात किती वेळ टिकतील याचा मी विचार करत होतो, आणि मुलं ते बघतील याचा.

खडखड झाली. भूमिका परत खाली येत होती, उलटी, पाय चाचपत. माझ्या बरोबरीला आली आणि तिने माझं तोंड पाहिलं. ती हसली नाही.

"पप्पा, खाली नका बघू. माझ्याकडे बघा."

मी पाहिलं.

"आधी पिशवी द्या. एक खांदा सोडा. आता दुसरा. हां." पिशवी तिच्या पाठीवर गेली आणि मला एकदम जग हलकं झाल्यासारखं वाटलं. "आता उजवा पाय. तो नाही, तो डावा. घाई नाही. विचार करून ठेवा."

हा आवाज मला ओळखीचा वाटला. हा माझाच वर्गातला आवाज होता, फळ्यापाशी बोलावलेल्या मुलाला उत्तर येत नसलं की मी काढतो तो. घाई नाही, विचार करून सांग. मला आजवर वाटत होतं तो आवाज मुलांना धीर देतो. खरंच देतो.

"त्या फटीत बोटं घाला. बरोबर. आता वर ढकला स्वतःला. शाबास!"

शाबास म्हटल्यावर तीच दचकली. आपण वडिलांना शाबास म्हणालो, हे तिच्या लक्षात आलं. पण मी तोवर वर पोचलो होतो आणि पोटावर आडवा होऊन गवताचा वास घेत होतो. वानर उठून निघून गेलं.

भूमिकाने पिशवीची दोरी सोडली आणि माझ्या बुटाचा जबडा तिने घट्ट बांधून टाकला. "आईला नको सांगू," मी म्हणालो.

"काय?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं की सांगण्यासारखं काय आहे.

माथ्यावर वारा होता. खाली सगळं एकदम उघडं पडलं होतं. केळीच्या बागांचे गडद हिरवे चौकोन, मध्ये कापसाची करडी रानं, आणि त्यापलीकडे तापी, चांदीच्या वर्खाची पट्टी पडल्यासारखी. तिच्या काठाला धूसर असं बऱ्हाणपूर. मी वर्गात याच जागी पट्टी ठेवतो. पट्टीखाली एवढं सगळं असतं, याचा मला अंदाज नव्हता. मला मुलांना पुष्कळ सांगायचं होतं, खचदरी, बेसॉल्ट, पाणलोट, सगळं. मी गवतात मांडी घालून बसलो.

"आपलं घर कोणतं?" गौरवने विचारलं.

मनीषाने एक पांढरा ठिपका दाखवला. काकू म्हणाल्या, छे, तो नव्हे, त्याच्या बाजूचा, तिथे माझी गच्ची दिसते. दोघींचं यावरून जुंपलं. लालबाग त्या दोन्ही ठिपक्यांपासून बरंच लांब होतं, पण मी भरताचा डबा काढला. मग आम्ही भरीत-पुरी खाल्ली. भरीत कमी होतं, बरंचसं माझ्या शर्टाला होतं, पण तसं भरीत मी जन्मात खाल्लं नाही. गौरव मला टेकून बसला आणि म्हणाला, "पप्पा, तुम्हाला मस्त वास येतोय."

उतरताना आम्ही त्या दुसऱ्या फाट्याच्या पायवाटेने आलो. ती इतकी सोपी होती की तिच्यावरून एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आम्हाला मागे टाकून गेली. तरीही एका घसरणीवर माझे पाय गेले आणि मी बसूनच बरंचसं अंतर पार केलं. थांबलो तेव्हा माझ्या पॅंटला मागून मोठी खिडकी पडली होती. विमल काकूंनी अंगावरची शाल काढून दिली. फुलाफुलांची, जांभळी. ती कमरेला गुंडाळून, एका बुटाला दोरी बांधून, पाठीवर वांग्याच्या भरताचा नकाशा घेऊन मी सर्वेक्षणाहून परत आलो.

झाडाखाली अख्खी वस्ती जमली होती. चंदनसेठनी त्यांना समजावलं होतं म्हणजे असं सांगितलं होतं की, सर फार मोठे माणूस आहेत, भोपाळपर्यंत वट आहे, पण साधेपणाने राहतात. सगळे माझ्या शालीकडे पाहत होते. साधेपणाची त्यांना खात्री पटली असावी.

चंदनसेठ मात्र उठून बसले आणि त्यांनी खिशातला सुपारीचा डबा काढता काढता, सगळ्यांदेखत विचारलं, "काय सर, चढलात का? मी इथून पाहत होतो. खडकाला कोणीतरी चिकटलं होतं. लै वेळ. मी म्हटलं, ये कौन है?"

मी शाल सावरली.  खोटं बोललो तर मुलं शेजारी उभी होती, खरं बोललो तर चंदनसेठ आमच्या भिंतीपलीकडेच राहतात. गौरवने तोंड उघडलं. त्याच्याआधी भूमिका बोलली, अगदी सहज, माहिती सांगावी तशी.

"पप्पाच होते. ते सगळ्यात शेवटी थांबले होते. आम्ही सगळे वर पोचेपर्यंत. शेवटचा माणूस पक्का लागतो ना काका, नाहीतर कोणीतरी मागे राहतं."

चंदनसेठनी सुपारी तोंडात टाकली आणि थोडा वेळ चघळली. "हां," ते म्हणाले. "ये तो सही बात है." मग माझ्याकडे नव्याने पाहिलं. मी भूमिकाकडे पाहिलं. ती वाकून मोज्यातले काटे काढत होती.

रंभाबाई मला सोडणार नव्हतीच. मी तिच्या मागे हापशापर्यंत गेलो. दांडा वरखाली केला, पाणी आलं नाही. मी पुन्हा सांगितलं, "बाई, देवाशपथ सांगतो, मी मास्तर आहे."

"मंग लिहिता तर येतं ना?" ती म्हणाली.

ते येतं. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हापशासाठी अर्ज लिहिला. 'प्रयोजन' या ठिकाणी 'पाणी' लिहिलं, त्यावर कोणी हरकत घेणार नव्हतं. सगळ्यांनी सह्या आणि अंगठे केले. हापसा नंतर दुरुस्त झाला म्हणे. माझ्या अर्जाने की तसाच, मला माहीत नाही. रंभाबाईला माहीत आहे.

घरी आल्यावर दोन दिवस मी जिना उलटा उतरत होतो. शाळेत खुर्चीवर बसताना आधी टेबल धरायचो. बूट मी माळ्यावर टाकले आणि डोंगर हा विषय आपल्या बाजूने संपला असं समजलो.

पण चंदनसेठना ती शेवटच्या माणसाची गोष्ट फार आवडली होती. त्यांनी ती गल्लीत सगळ्यांना सांगितली, थोडी वाढवून. चार दिवसांनी संध्याकाळी दारात दोन-तीन कुटुंबं उभी. "सर, पुढच्या रविवारी आम्ही पण. तुम्ही मागे असाल तर मुलांना पाठवायला टेन्शन नाही." स्वतः चंदनसेठ काठी घेऊन आले होते, घुटन्यांसकट. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर आतून मनीषा म्हणाली, "येतील की ते. त्यांना काय काम आहे."

तर दुसऱ्या खेपेला आम्ही बरेच जण होतो. यावेळी डाव्या फाट्याने. मी जुन्या चपला घातल्या होत्या आणि सगळ्यांच्या मागून चाललो होतो, पदाने. वर वळणावळणाने रांग दिसत होती. गौरव सर्वांत पुढे, कोणाला तरी वानरांविषयी काहीबाही सांगत. मध्ये मनीषा आणि काकू. चंदनसेठ दर झाडाला टेकत. मला धाप लागली होती आणि मी ती कोणाला कळू नये म्हणून तोंड मिटून नाकाने घेत होतो, त्याने शिट्टी वाजत होती.

एका वळणावर भूमिका दगडावर बसलेली दिसली.

"काय गं, थांबलीस का?"

"पप्पा, दम लागला?"

"मला? छे."

"मला लागलाय," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. ती सरकली आणि दगडावर माझ्यापुरती जागा केली.